पोटभर जेवलेल्या मुलीची संघर्षगाथा

प्रेरणा देणं हा काही माझा विषय नाही. माझा विषय भूगोल. पण शाळेत एखादं काम कुणाच्याच विषयात बसेनासं झालं की ते फिरत फिरत माझ्याकडे येतं, कारण भूगोलात सगळंच येतं असा आमच्या मुख्याध्यापकांचा, म्हणजे लंजे सरांचा, समज आहे. हात धुण्याचा दिवस मी साजरा केला, डासमुक्त गावाची फेरी मी काढली, आणि योगदिनाला कंबरेत चमक भरली तीही माझ्याच. त्यामुळे डिसेंबरात वरून 'संघर्षातून शिखराकडे' नावाचा उपक्रम आला, तेव्हा लंजे सरांनी तो कागद वाचायच्या आधीच माझ्या टेबलावर ठेवला होता.

उपक्रम साधा होता. खडतर परिस्थितीवर मात करून मोठ्या झालेल्या एका व्यक्तीला शाळेत बोलवायचं, तिची जीवनकहाणी मुलांना ऐकवायची, फोटो काढायचे आणि माहिती ऑनलाइन भरायची. त्या ऑनलाइन माहितीत वक्त्याच्या नावाच्या आधी एक रकाना होता : 'संकटाचा प्रकार'. त्यात चार पर्याय होते. आर्थिक, शारीरिक, कौटुंबिक, नैसर्गिक. एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. थोडक्यात, आधी संकट ठरवायचं आणि मग माणूस शोधायचा.

मी राहतो अर्जुनी मोरगावला. शाळा तिथून मोटरसायकलने जाण्याएवढ्या अंतरावर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या खेड्यात. आमच्या अर्जुनीत बातमी लपत नाही. मी संकटग्रस्त माणसाच्या शोधात आहे हे शेजारच्या हिरालालजींना मी घरी पोचायच्या आत कळलं. हिरालालजी वनखात्याच्या लाकूड डेपोतून निवृत्त झालेत.

"कापगते सर, बाहेर कायले धुंडता?" ते कुंपणावरून म्हणाले. "मी आहो ना घरचा."

"तुमच्यावर कोणतं संकट आलं होतं, हिरालालजी?"

"अस्वल!"

हे अस्वल मला ठाऊक होतं. मी या घरात राहायला आलो तेव्हा ते झुडपात होतं आणि हिरालालजींनी त्याचा नुसता आवाज ऐकला होता. गेल्या होळीपर्यंत ते त्यांच्या समोर दोन पायांवर उभं राहिलं होतं. आता त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. "नैसर्गिकमध्ये बसते ना ते?" त्यांनी विचारलं. बसत होतं, हीच तर पंचाईत होती.

"त्यांना एकदम नाही म्हणू नका," आमच्या घरातून, म्हणजे अल्काकडून, सल्ला आला. "उन्हाळ्यात आपण पाणी त्यांच्याच विहिरीचं आणतो." म्हणून मी हिरालालजींना राखीव वक्ता नेमलं. मुख्य वक्ता ऐनवेळी आला नाही तर तुम्हीच, असं सांगितलं. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन मुख्य वक्त्याच्या तब्येतीची चौकशी करू लागले. त्यात काळजीपेक्षा आशा जास्त होती.

मुख्य वक्ता मात्र मला सापडला होता. सापडली होती म्हणायला हवं. समीक्षा शहारे, आमच्याच शाळेची, त्याच खेड्यातली. आता रेल्वेत सहायक लोको पायलट आहे. गावात तिला सरळ 'रेल्वेची ड्रायव्हरीन' म्हणतात आणि शेताकडून मालगाडी गेली की ती आपलीच पोरगी चालवत असणार असं धरून चालतात. वडील उदेभान तलावात मासोळी धरायचे आणि मजुरीला जायचे, आई दुर्पताबाई धानाच्या रोवण्याला जायची. घर मातीचं होतं. एवढं ऐकून लंजे सरांचा चेहरा उजळला.

"आर्थिक! निवडा, निवडा," ते म्हणाले. "घर गळत होतं का हो पावसाळ्यात?"

"गळत असेल."

"उत्तम!"

मी समीक्षाला फोन केला. ती नागभीडला रेल्वेच्या विश्रामगृहात होती, नुकतीच झोपून उठलेली.

"सर, रजा मिळाली तर नक्की येते," ती आनंदाने म्हणाली. "पण बोलू काय?"

"तुझ्या लहानपणीच्या हालअपेष्टा सांग."

"हाल? हाल तर आता आहेत, सर. रात्रभर मालगाडी, दिवसा झोप, अन् डोळा लागला की पुन्हा ड्युटीचा फोन."

"आत्ताचे नकोत गं. लहानपणचे."

"लहानपणी तर मजा होती, सर! दिवसभर तलावात राहायचो. बाबा मासोळ्या आणायचे."

"पण उपाशीपोटी अभ्यास वगैरे?"

"उपाशी?" ती हसली. "आई जेवल्याबिगर पुस्तकाला हातच लावू देत नव्हती."

मी फोन ठेवला आणि विचारात पडलो. मोठी माणसं आपलं दुःख कधी बोलून दाखवत नाहीत, हे मी अनेक भाषणांत ऐकलेलं आहे, दोन-तीनदा स्वतःही बोललेलो आहे. ही मुलगी नम्र होती. तिच्या वतीने कुणीतरी सांगणं भागच होतं. मी त्याच दिवशी परिचय लिहायला बसलो. 'अठराविश्वे दारिद्र्य' ने सुरुवात केली. 'कधी पेज तर कधी नुसतं पाणी' हे ओघात आलं. 'कित्येक रात्री ती माउली आपल्या लेकराला उपाशीपोटीच निजवी' हे वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा वेळ थांबलो. 'निजवी' हे क्रियापद मला फार आवडलं. भूगोलात असं क्रियापद वापरायची संधी मिळत नाही.

अल्काने तो कागद वाचला. "हे तिनं सांगितलं?"

"तसंच सांगितलं नाही. पण सूर तोच."

अल्काने कागदाची घडी घालून तो मला परत दिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिचं असं घडी घालणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं.

आता हा कार्यक्रम गावकऱ्यांपर्यंत पोचवायचा होता, आणि इथे दुर्गाप्रसाद आला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं लागतात. रात्रभर चालतात. त्या नाटकांची जाहिरात करायला भोंगे बांधलेली गाडी गावागावांतून फिरते आणि आमच्या भागात त्या गाडीतला आवाज म्हणजे दुर्गाप्रसाद. त्याचा भाचा आमच्या शाळेत आहे, म्हणून तो आपणहून गाडी घेऊन आला. भोंग्याच्या परवानगीसाठी मी ग्रामपंचायतीत गेलो तर त्यांनी पोलीस ठाण्यात पाठवलं. ठाण्यात विचारलं, नाटक कोणतं? मी म्हणालो, नाटक नाही, जीवनकहाणी आहे. मग ते म्हणाले, जीवनकहाणीची परवानगी आम्ही देत नाही, नाटकाचीच देतो. अखेर अर्जावर 'नाटक' असंच लिहून आणलं. पुढे जे झालं त्याचा थोडा दोष मी या अर्जाला देतो.

दुर्गाप्रसादने माझा परिचय वाचला आणि मान हलवली.

"माय चांगली लिवली, सर. डोळ्याले पानी येते. पन बाप काऊन जिवंत ठेवला?"

"कारण तो जिवंत आहे."

"ते ठीक आहे जी. पन पहिल्या अंकात बाप गेला नाही तर पब्लिक बुडाखालची बोरी झटकून घरी जाते."

"दुर्गाप्रसाद, बापाला हात लावायचा नाही," मी बजावलं.

"बरं जी. पाहतो," तो म्हणाला. माणूस 'बरं' म्हणाला की काळजी नसते. 'पाहतो' म्हणाला की असते. पण मधली सुट्टी संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी आठवीला वारे शिकवत असताना रस्त्यावरून आवाज आला. "ऐका हो ऐका! येत्या शनिवारी, सकाळी ठीक अकरा वाजता, शाळेच्या भव्य पटांगणावर! अन्नान्न करत झोपणाऱ्या एका अभागी लेकराची काळीज पिळवटणारी कहाणी! बापाचं छत्र हरपलं! मायनं उपाशी निजवलं! पण पोरगी... थांबली नाही! माता-भगिनींनो, येताना रुमाल आणायला विसरू नका!"

सगळा वर्ग खिडकीशी गेला. माझे वारे जागच्या जागी पडले.

त्या घटकेला उदेभान शहारे बसथांब्यापाशी दाढी करून घेत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. न्हाव्याने वस्तरा थांबवला.

"उदेभान, तू गेला म्हनते."

"मले तर कोनी सांगतलं नाही बा," उदेभान म्हणाले.

त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. तो माणूसच तसा, सगळ्याला 'चालते' म्हणणारा. पण गाडी आसपासच्या पाच-सहा गावांतून फिरली होती आणि त्यातल्या एका गावात दुर्पताबाईची बहीण राहते. ती ऑटो करून, गाव ऐकेल असं रडत, बहिणीच्या दारात उतरली. दार उघडलं उदेभाननेच. ती आणखी मोठ्याने रडली, मग चिडली, आणि मेव्हण्याला पाठीत दोन धपाटे घातले. हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते हे की दुर्पताबाई शाळेकडे येते आहे.

ती आली ती सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत. ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला. लंजे सरांनी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"जय भीम. हे कोन लिवलं?"

"हा विषय कापगते सरांचा आहे," लंजे सर म्हणाले आणि कपाटातली फाईल शोधायला लागले. ती फाईल त्यांना शेवटपर्यंत सापडली नाही.

मी घसा साफ केला. "दुर्पताबाई, ते वडिलांचं मी लिहिलं नव्हतं. मी दुर्गाप्रसादला बजावलं होतं..."

"त्याचं सोडा. नवरा मेला म्हनलं तर तो चालून दाखवते, लोक पाहतेत. मायं काय?" तिचा आवाज एकदम चढला. "मी पोरीले उपाशी निजवलं, हे कोन लिवलं?"

"ते... मी."

"काऊन लिवलं? तुमी आले होते काय पाहाले?"

मी म्हणालो, की त्यामागे समीक्षाचा गौरव करण्याचा हेतू होता. परिस्थिती जितकी बिकट, तितकं यश मोठं दिसतं. मुलांना प्रेरणा मिळते.

"म्हनजे मायी इज्जत काढून पोट्ट्याईले प्रेरना देता?"

लंजे सर फाईल शोधायचे थांबले. वीस वर्षांत मला वर्गात कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

दुर्पताबाईने मग निकाल दिला. ज्या ज्या गावात गाडी फिरली, त्या त्या गावात, त्याच भोंग्यातून, त्याच माणसाच्या तोंडून हे खोटं आहे असं सांगायचं. त्याशिवाय समीक्षा मंचावर पाय ठेवणार नाही. "अन् त्याच्या पहिले," ती दारातून वळून म्हणाली, "उद्या दोघंबी घरी जेवाले या. तुमी अन् तो भोंगेवाला. मी तिले काय चारत होती ते खाऊन पाहा, मंग बोला."

मी समीक्षाला फोन लावला. वाटलं, शिकलेली मुलगी, समजून घेईल. "सर, आई नाही म्हणाली तर मी येणार नाही," ती सरळ म्हणाली. "आईनं मघाशी फोनवर रडून घेतलं. ती कधी रडत नाही, सर."

इकडे ऑनलाइन माहिती भरून झाली होती आणि विस्तार अधिकारी शनिवारी येणार असं कळवून बसले होते. समीक्षा आली नाही तर पुढे अस्वल होतं. त्या संध्याकाळी हिरालालजींनी कोट कुंपणावर वाळत घातलेला मी पाहिला. पण खरं सांगतो, मला अस्वलापेक्षा ते 'आई कधी रडत नाही' जास्त टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि दुर्गाप्रसाद जेवायला गेलो. घर आता स्लॅबचं आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली इंजिनाच्या पायरीवर उभ्या असलेल्या समीक्षाचा फोटो. अंगणात शेजारपाजारच्या बाया आधीच जमल्या होत्या, कारण शिक्षा बघायला गर्दी होतेच. उदेभान दारात उभे होते. "या जी," ते म्हणाले, "मी मेलो तरी पानी मीच देतो."

आम्ही सतरंजीवर बसलो. ताटात भाताचा ढीग, लाखोरीची डाळ, तलावातल्या मासोळीचा रस्सा, वांगे-झिंगे, लाखोरीचे वडे. शेजारी लोट्यात आंबील. मी घरी दीड पोळीवर उठणारा माणूस. पण दुर्पताबाई वाढत होती आणि नाही म्हणायची माझी पत राहिली नव्हती.

"मासोळी रोज नोहती," ती म्हणाली. "खोटं कायले सांगू? पोरीच्या बापाले भेटली तर. नाही भेटली तर झिंगे. झिंगे नसले तर डाळ. डाळ नसली तर आंबील अन् कांदा. पन होतं काही ना काही. घ्या, भात घ्या."

"बस, बस, दुर्पताबाई."

"बस कायचं? ते पोट्टी याच्याहून जास्त जेवे."

दुर्गाप्रसाद मान खाली घालून खात होता. तिसऱ्यांदा रस्सा घेतल्यावर तो मला हळूच म्हणाला, "सर, या मायले उपाशी निजवनारी म्हनलं, मायं तोंड जळलं नाही कसं?" त्याच्या आवाजात नाटक नव्हतं, मी कान देऊन ऐकलं.

दुर्पताबाई समोर बसली. राग ओसरला होता, पण गोष्ट संपली नव्हती. "सर, घरात पैसा नोहता, हे लिवा. घर गळे, लिवा. रोवन्यात माये पाय सडत, ते बी लिवा, ते सारं खरं आहे. गरिबी काही मायी एकटीची नोहती, साऱ्या गावची होती. पन पोरगी मायी होती ना जी. तिले जेवू घालनं, हेच तर मायं काम होतं. तेच मी नाही केलं म्हनता, तं मंग इतके वर्स मी केलं काय?"

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. तिने आणखी भात वाढला आणि मी तो मुकाट्याने खाल्ला. घरी पोचल्यावर मी दोन दिवस नुसत्या ताकावर होतो, हे वेगळं.

आता भोंग्यातून दुरुस्ती. दुर्गाप्रसादच्या सगळ्या कारकिर्दीत त्याने कधी जाहिरात मागे घेतली नव्हती. ती कोणत्या आवाजात मागे घ्यायची, हे त्याला कळेना. शेवटी त्याने आपल्याला येणाऱ्या एकाच आवाजात घेतली. "ऐका हो ऐका! समीक्षाताईंचे वडील उदेभानजी शहारे... जिवंत आहेत! ठणठणीत आहेत! काल त्यांनी या कलाकाराला स्वतःच्या हाताने पाणी दिलं! आणि माता दुर्पताबाईंनी आपल्या लेकीला एक दिवस, एक रात्र उपाशी ठेवलं नाही, नाही, नाही! आंबील असो की मासोळी, पण पोटभर! पोटभर! पोटभर! येत्या शनिवारी, पोटभर जेवलेल्या मुलीची संघर्षगाथा!"

लंजे सरांनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं, आता कोण येणार? दुःख असतं तर लोक आले असते.

शनिवारी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इथे दुःखाची नाटकं लोकांनी पुष्कळ पाहिली होती, पण अमकी मुलगी पोटभर जेवली याची जाहिरात आजवर कुणी ऐकली नव्हती. बाया बोऱ्या घेऊन आल्या, पुढची जागा धरायला पहाटेच पोरं पाठवली होती. रुमालही पुष्कळांनी आणले होते, कारण ते आधी सांगितलेलं होतं. मंचावर पहिली खुर्ची उदेभानना दिली. ते जिवंत आहेत हे लांबूनही दिसावं, असा दुर्गाप्रसादचा आग्रह होता. हिरालालजी कोट घालून पहिल्या रांगेत बसले, तयारीत.

समीक्षा ड्युटीवरून उतरून थेट आली होती. लंजे सरांनी तिचा परिचय सुरू केला आणि तिचा डोळा लागला. आईने खालून खुणा केल्या, उपयोग झाला नाही. पण बोलायला उठली तेव्हा ती चांगली जागी होती. तिने संकट वगैरे काही सांगितलं नाही. परीक्षा कोणती, शिक्षण कोणतं लागतं, डोळ्यांची तपासणी किती कडक असते, हे सांगितलं. "म्हणून मोबाईल कमी पाहा," असं म्हटल्यावर पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि मुलांनी नाही वाजवल्या. मग प्रश्न सुरू झाले. ब्रेक मारला की गाडी किती लांब जाऊन थांबते? मधेच अस्वल आलं तर? (हिरालालजी ताठ झाले.) इंजिनात पोरीला भीती नाही वाटत? मुलं एकमेकांच्या अंगावर चढून विचारत होती. आठवीच्या दोन मुली जागच्या जागी उभ्या राहून हॉर्नची दोरी ओढून दाखवायला लागल्या, आणि इंजिनात दोरी नसते, बटण असतं, हे कळल्यावर बटण दाबून दाखवायला लागल्या. प्रेरणा म्हणतात ती हीच असावी, असं मला वाटलं.

विस्तार अधिकारी माझ्याकडे झुकले. "कार्यक्रम छान आहे हो. पण यात संकट कुठे आहे? फोटोत सगळे हसताना दिसतायत."

"पुढच्या कार्यक्रमात आहे," लंजे सर घाईने म्हणाले.

पुढचा कार्यक्रम होता गरजू विद्यार्थ्यांना दप्तर वाटपाचा. दरवर्षी असतो. मुलाला मंचावर बोलवायचं, त्याच्या घरची परिस्थिती माइकवरून वाचायची, म्हणजे दप्तर देणाऱ्याचंही मन भरून येतं. वाचायचं मीच. मजकूरही माझाच, परिचय लिहिला त्याच बैठकीत, त्याच ओघात लिहिलेला.

पहिलं नाव डिंपलचं, नववीतली. ती मंचावर येऊन हात मागे बांधून उभी राहिली. मी कागद उघडला. 'वडिलांची मोलमजुरी, आई परक्याच्या शेतात, कित्येकदा अर्ध्यापोटीच शाळेत येणारी...' मी वर पाहिलं. समोर सगळं गाव बसलेलं. मागे भिंतीला टेकून डिंपलची आई, नवं लुगडं नेसून आलेली. तिच्या शेजारी दुर्पताबाई. दुर्पताबाई माझ्याकडे पाहत होती, आणि मी काय वाचणार आहे हे तिला कळलेलं होतं.

मी कागद मिटला.

"वाचा ना," लंजे सर कुजबुजले.

मी डिंपलकडे वळलो. "डिंपल, आज सकाळी काय जेवून आलीस?" विचारून टाकलं आणि मगच ध्यानात आलं. माइक चालू होता. ही 'काही नाही' म्हणाली तर?

डिंपलने एकदा आईकडे पाहिलं. "भात, जी. अन् चटनी."

"कोणी करून दिलं?"

"आईनं."

"पोट भरलं?"

"हो," ती म्हणाली, आणि काय वेडगळ विचारता अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

मी माइक धरला. "नववीची डिंपल. हिच्या आईनं हिला आज पोटभर जेवू घालून शाळेत पाठवलं आहे. त्याबद्दल आईचं अभिनंदन. आणि डिंपल अभ्यास चांगला करते, म्हणून हे दप्तर."

विस्तार अधिकारी मोबाईल हातात धरून तसेच राहिले, फोटो काढावा की नाही हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी डिंपलची आई उभी राहिली. सगळं गाव मान वळवून बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

"सर!" ती ओरडली. "वालाच्या शेंगाईची भाजी बी होती! पोट्टी सांगून नाही राहिली!"

मी माइक पुन्हा तोंडाजवळ नेला आणि म्हणालो, "दुरुस्ती. भाजीसुद्धा होती."